इशाऱ्याची दोरी

मुकादमांचा कान खोटं बोलत नाही, हे त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. चाळीस घरांची वस्ती, झाडून सगळी विहिरी खोदणाऱ्यांची. सकाळी कुणी खाली उतरायच्या आधी मुकादम उतरायचे. फळीवर बसायचे, वरचे चौघं रहाट सोडायचे, आणि मुकादम भिंत हातभर अंतरावर पहारीने ठोकत ठोकत तळापर्यंत जायचे. 'ठण्ण' वाजलं की दगड सलग आहे. 'भद्द' वाजलं की आत थर सुटलाय, आज ना उद्या खाली येणार. ते वर बघून हात हलवायचे, मग बाकीचे उतरायचे. मुकादमांनी ठोकल्यावर दुसऱ्या कुणी पहार लावायची नाही, हा वस्तीचा रिवाज. लावली तर तो मुकादमांच्या तोंडावर मारल्यासारखा अपमान. एकतीस वर्षांत एकही माणूस दगडाखाली गेला नव्हता, मग रिवाजाला नावं कोण ठेवणार?

आता खरं सांगायचं तर मुकादमांना दोन वर्षांपासून ऐकूच येत नव्हतं.

म्हणजे अगदी ठार बहिरे झाले होते असं नाही. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर ओठ बघून समजायचं. पण पाठीमागून हाक मारा, ढोल वाजवा, काही उपयोग नाही. उभा जन्म सुरुंगाच्या दणक्यांत गेला, कान किती टिकणार? हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. निदान तिची तशी समजूत होती.

तिला सगळे मुकादमीण म्हणत. समोर काकू, मागे मुकादमीण. घरी कुणी आलं की ती चहाचा कप पुढे करताना मुद्दाम पाहुण्याच्या बाजूला बसायची. मुकादमांचं उत्तर भलतीकडे जायला लागलं की मध्येच तोंड घालायची. "अहो, ते पाटीचं नाही विचारत, फळीचं विचारतायत." लोक म्हणायचे, मुकादमीण फार तोंडाळ झाली आजकाल, नवऱ्याला बोलूच देत नाही. म्हणोत बापडे. तिने ते नाव पदरी घेतलं.

आणि विहिरीवर दोरी होती. खाली उतरणाऱ्याच्या मनगटाला एक बारीक दोरी बांधायची, तिचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. इशाऱ्याची दोरी. पूर्वी ती कुणीही धरायचं. दोन वर्षांपासून ती मुकादमीणच धरत होती. विहीर आवाज वर फेकते, काठावर नीट कान दिला तर पहारीचा टोला स्वच्छ ऐकू येतो. भद्द वाजलं की ती दोरीला दोन हिसके द्यायची. मुकादम तिथे खडूने फुली मारायचे आणि पुढे सरकायचे. काही हिसका नाही म्हणजे सगळं ठीक. वस्तीत त्यावरही थट्टा व्हायची. बुटक्या म्हणून एक रहाटवाला होता, तोंडाने भारी चालू. तो म्हणायचा, "काकू, सैल सोडा जरा, पळून नाही जात म्हातारा!" ती म्हणायची, "तुझ्या बायकोने तुला बांधला असता तर आज माणसात असतास." सगळे हसायचे. तीही हसायची, पण दोरीवरची मूठ सैल करायची नाही.

तिने मुकादमांना किती वेळा सांगितलं होतं की आता बस करा, थोरल्या पोराच्या हातात पहार द्या. ते नकाराची मान हलवायचे. त्यालाही कारण होतं.

मुकादम नऊ वर्षांचे असताना त्यांचा बाप विहिरीत दगडाखाली गेला. आई आधीच गेलेली. अंगाने काडी होते म्हणून लोक त्यांनाच अरुंद विहिरीत सोडायचे, गाळ भरायला. छातीभर गार पाण्यात उभं राहून पाट्या भरायच्या आणि संध्याकाळी ज्याच्या दारात जेवण मिळेल तिथे जेवायचं. हत्यारांच्या खोलीत झोपायचं. सिमेंटच्या पोत्यावरची अक्षरं जुळवत जुळवत हा माणूस वाचायला शिकला. त्यांना ठोकायला शिकवलं ते त्यांच्या चुलत्याने. चुलता त्या वेळचा मुकादम. पंचविशीत यांनी खोदणाऱ्यांचा संघ काढला, ठेकेदारांच्या दारातून माणसं सोडवून आणली, कच्च्या झोपड्यांच्या जागी पक्की घरं उभी केली. आणि नियम केले. त्यातला पहिला नियम असा की दरवर्षी कामाच्या आधी मुकादमाच्या पाठीमागे उभं राहून वाळकी काडी मोडायची. ऐकू आली नाही तर पहार खाली ठेवायची.

आणि पहिल्याच वर्षी चुलत्याला काडी ऐकू आली नाही.

भर सभेत यांनी चुलत्याच्या हातातून पहार घेतली. नंतर आठ वर्षं तो उंबऱ्यावर बसून राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. कुणी थांबलं की म्हणायचा, "अरे, मला ऐकू येतं रे." कुणी थांबायचं नाही. मुकादमीण त्या घरात सून म्हणून आली तेव्हा त्याला जेवण वाढायची. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुकादमांच्या पाठीमागे मात्र पुढे पुढे काडी मोडायची कुणाची छाती झाली नाही. पहिली दहा वर्षं मोडली, मग लोकच म्हणाले, मुकादमांचं काय बघायचंय!

त्या उन्हाळ्यात गावाचं पाणी आटलं. तीन दिवसांतून एकदा नळ यायचा, तोही घोरत. बाजारातली जुनी विहीर आणखी वीस हात खोल करायची असं ठरलं आणि नगरपालिकेचा इंजिनिअर मुकादमांच्या घरी आला. तरुण माणूस, बोलायला चांगला, पण भरभर बोलायचा आणि बोलताना फोनकडे बघायचा. म्हणजे ओठ दिसायचे नाहीत. मुकादमीण दाराशी उभी राहून घामाघूम झाली.

"हे नीट झालं तर पुढच्या तीन विहिरीही संघाला," इंजिनिअर म्हणाला. "नाहीतर तो यंत्रवाला ठेकेदार बसलाच आहे टपून. त्याचं म्हणणं आहे, ही माणसं कशाला, मी सहा दिवसांत करून देतो."

मुकादमीण म्हणाली, "अहो, तीन विहिरी पुढच्या आपल्याला म्हणतायत. नीट झालं तर."

"नीटच होणार," मुकादम म्हणाले.

इंजिनिअर उठला. दारातून बाहेर पडता पडता वळून म्हणाला, आणि या वेळी नेमका मुकादमांकडे बघून म्हणाला, "एक आहे. विहिरीत झिरपा येतोय, तेवढंच पाणी गावच्या टाकीला मिळतं. पंप बंद नाही करता येणार. एकदा बंद केला की हवा धरतो, मग दुपारपर्यंत चालू होत नाही. चालेल ना तुमच्या कामाला?"

"चालू द्या की," मुकादम म्हणाले. "त्याची कसली अडचण!"

मुकादमिणीने कपाळाला हात लावायचा तो आवरला. काठावर डिझेलचा पंप! त्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे टोला कसा ऐकू येणार? पण ज्याला पंप म्हणजे पायाखालची नुसती थरथर, त्याला हे सुचणार कसं? आणि इंजिनिअरच्या देखत ती बोलणार तरी काय? माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून सांगू? इंजिनिअर चपला घालून गेलासुद्धा.

तो गेल्यावर तिने मुकादमांना समोर बसवून सावकाश सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. गुडघा चोळत बसले.

"आता शब्द गेला," ते म्हणाले.

"परत घ्या. सांगा, ठोकताना अर्धा तास बंद ठेवा."

"का म्हणून विचारलं तर? काल अडचण नव्हती, आज का? तो ठेकेदार तेवढंच धरून बसेल." मग जरा थांबून म्हणाले, "हाताला कळतं मला. पहार हातात कशी परत येते त्यावरून कळतं. तू घाबरू नकोस."

"हाताला कळत होतं तर दोन वर्षं माझ्या हातात दोरी कशाला दिलीत?"

ते त्यांना समजलं नाही, का समजून उत्तर दिलं नाही, कोण जाणे.

काम सुरू झालं. बाजारातलं ऊन म्हणजे नुसता तवा. काठावर बायकांची रांग, वर आलेली गाळाची पाटी एकीने उचलायची, दुसरीकडे द्यायची, तिसरीने ओतायची. तळहाताची सालं निघाली. खाली सहा माणसं, टिकाव मारून मारून खांदे भरून आलेले, गुडघाभर पाण्यात पाय पांढरे पडलेले. त्यात मुकादमिणीचा थोरला. विहिरीच्या उगवतीकडच्या अंगाला भिंत वरून पुढे आली होती, खाली पडवीसारखी जागा झाली होती. दुपारी सूर्य डोक्यावर आला की सहाजण तिथेच सावलीला बसायचे आणि डबा खायचे. वर यायला आणि परत उतरायला वेळ जातो म्हणून.

पहिल्या सकाळी मुकादम उतरले तेव्हा तिने काठावर पोट टेकून मान आत घातली. धडधड, धडधड, धडधड. पंप तिच्या दातांत वाजत होता. खाली पहार उठताना दिसत होती, पडताना दिसत होती, आवाज नाही. एकदा वाटलं ठण्ण ऐकलं. एकदा वाटलं नाही ऐकलं. दोरी तिच्या मुठीत घामाने भिजली. हिसका द्यावा? कुठे द्यावा? उगाच दिला तर मुकादम फुली मारणार, तिथे फोडायला दोन दिवस जाणार, आणि निघाला सलग दगड तर? तिने दोरी हलवली नाही. मुकादमांनी वर बघून हात हलवला. माणसं उतरली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

संध्याकाळी माणसं वर आली की ती एकेक डोकं मोजायची. सहा. मग तिला श्वास यायचा. घरी आल्यावर थोरला मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचा, पाय ओढत. सून पाणी तापवायची. मुकादमीण चुलीपुढे बसून नुसती बघायची आणि तिच्या मनात यायचं, उद्या हा नसला तर? त्या विचाराने तिला अन्न जाईना.

"अगं, जेवत का नाहीस?" मुकादम विचारायचे.

"तुमच्या जिवाला काहीच कसं वाटत नाही?"

"काय?"

"काही नाही. जेवा."

चौथ्या सकाळी मुकादम फळीवर बसले, चौघांनी रहाट सोडला, आणि तिच्याने राहवेना. थोरला शेजारीच उभा होता, डोक्याला फडकं बांधत. तिने त्याचा दंड धरून त्याला ओढून घेतलं आणि त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "आज तू उतरू नकोस."

"का?"

"पोटात दुखतंय म्हण. काहीही म्हण. पण उतरू नकोस."

स्वतःच्याच पोराला तेवढं वाचवायचं, बाकीच्या पाचांच्या आयांनी काय पाप केलं होतं? हे तिला बोलता बोलताच कळलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईचं काळीज, त्याला लाज कुठली.

"झालं काय आई?"

"तुझ्या बाबांना ऐकू येत नाही रे. दोन वर्षं झाली."

तिला वाटलं हा हादरेल. थोरल्याने फडक्याची गाठ मारली आणि म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. बुटक्याला, खालच्या पोरांना, सगळ्यांना. वर्ष होऊन गेलं. मागच्या उन्हाळ्यात पाठीमागून पाटी पडली, आम्ही दचकलो, बाबांनी वळून पाहिलं नाही."

"आणि तरी उतरता?"

थोरल्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही हिला वेडच लागलंय. "आम्ही त्यांच्या कानावर कुठे उतरतो? तुझ्या दोरीवर उतरतो. वर आई आहे ना कान देऊन, मग कसली भीती? बायकासुद्धा तेच सांगतात घरी. बाबा आधी उतरतात ते फक्त त्यांचं नाव पाहिजे म्हणून. नाव गेलं तर उद्या यंत्र येईल. बाबांना मात्र कळू देऊ नकोस की आम्हाला कळलंय, खचतील."

मुकादमिणीने हातातल्या दोरीकडे पाहिलं. चाळीस घरं आपल्या मुठीला लोंबकळत होती आणि आपण तीन दिवस दोरी नुसती धरून बसलो.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तीन दिवस! या पंपात मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही रे! मी नुसती बसले होते!"

थोरला वळला आणि धावला. पंपवाला "अरे, अरे!" करत आडवा आला, त्याला ढकलून थोरल्याने कळ उचलली. इंजिनाने दोन गचके खाल्ले आणि बंद पडलं.

बाजारात एकदम सामसूम झाली. पाट्या उचलणाऱ्या बायका तशाच उभ्या राहिल्या. खाली मुकादमांना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपले भिंतीकडे तोंड करून ठोकत होते.

ठण्ण.

ठण्ण.

मुकादमीण काठावर आडवी झाली होती. तिच्या शेजारी थोरला, मग रहाटावरचे चौघं सोडून बाकीची माणसं, मग बायका. सगळ्यांनी माना आत घातल्या होत्या. मुकादमांनी पायाने भिंत रेटून फळी उगवतीकडे वळवली.

ठण्ण.

भद्द.

कुणीतरी बाई "आई गं" म्हणाली. मुकादमांनी हातभर खाली ठोकलं. भद्द. शेजारी ठोकलं. भद्द. ती पुढे आलेली कड अख्खीच्या अख्खी सुटली होती, आणि तिच्याच खाली पोरं तीन दिवस डबा खात होती. काल दुपारी थोरल्याने तिथेच तासभर डुलकी काढली होती, हे त्याने रात्री हसत हसत सांगितलं होतं.

तिने दोरीला दोन हिसके दिले.

मुकादमांनी वर पाहिलं. काठाभोवती सगळी वस्ती डोकावत होती, आणि सगळे त्यांच्याकडे नव्हते बघत, तिच्या हातातल्या दोरीकडे बघत होते. माणूस बहिरा होता, आंधळा नव्हता. त्यांनी फुली मारली नाही. पहार मांडीवर आडवी ठेवून तसेच बसून राहिले. शेवटी बुटक्याने आणि बाकीच्या तिघांनी रहाट उलटा फिरवला आणि त्यांना वर घेतलं.

तेवढ्यात इंजिनिअर धावत आला. तोंड लालबुंद. "पंप कुणी बंद केला? कुणाला विचारून? तिकडे टाकीवर माणसं घागरी घेऊन भांडतायत!"

बुटक्या पुढे झाला. "मुकादमांनी खुणावलं साहेब. म्हणाले, पंप बंद करा, मला भिंत वेगळी लागतेय."

"वेगळी म्हणजे?"

"बघा की आता."

चार जणांनी कमरेला दोर बांधून वरूनच लांब पहारी त्या कडेत घातल्या. पहिल्या जोरालाच भेग पडली. दुसऱ्या जोराला अर्धी भिंत सुटली आणि खाली गेली. सगळा बाजार हादरला. धूळ विहिरीतून वर आली आणि सगळ्यांच्या तोंडावर बसली. धूळ खाली बसल्यावर बघितलं तर पडवीची जागा राहिलीच नव्हती. बैलाएवढे दगड पडले होते.

इंजिनिअरच्या कपाळावर घाम आला. त्याने ओठ पुसले आणि मुकादमांचे दोन्ही हात धरले. "काय कान आहे हो तुमचा! एवढ्या पंपात ऐकू आलं तुम्हाला? यंत्रवाल्याच्या सात पिढ्यांना जमायचं नाही हे. मी आजच लिहून देतो. तिन्ही विहिरी तुमच्याच."

तो एकदम समोर उभा होता, ओठ स्वच्छ दिसत होते. मुकादमांना शब्द न् शब्द कळला. त्यांनी हात सोडवून घेतले.

"साहेब," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

मुकादमिणीच्या छातीवरून काहीतरी उतरलं. सुटलो, तिला वाटलं. होऊ दे काय व्हायचं ते. सुटलो एकदाचे.

आणि बुटक्या हसला. खो खो हसला. त्याच्यामागे रहाटवाले हसले, पाट्यावाल्या बायका हसल्या, धुळीने पांढरे झालेले चेहरे सगळे हसायला लागले. "ऐकू येत नाही म्हणतायत! साहेब, मुकादम असेच आहेत, तोंडावर कौतुक केलं की भलतंच काही बोलतात!" इंजिनिअरही हसला, त्याने मुकादमांच्या पाठीवर थाप मारली. मुकादम एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. थोरलाही हसत होता, डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होता.

"खरं सांगतोय मी," मुकादम म्हणाले. "खरंच नाही येत."

"बरं बरं," इंजिनिअर म्हणाला. "मग आता पंपाचं काय करायचं ते सांगा."

"ठोकताना बंद," मुकादमीण म्हणाली. "रोज अर्धा तास बंद. एवढं करा."

"करतो काकू. टाकी थांबेल दुपारपर्यंत. आता काय म्हणाल ते करतो."

त्या दिवशी पुढे कुणी उतरलं नाही. उन्हं कलल्यावर मुकादम घरी आले, पाय न धुताच अंगणात बसले. मुकादमीण त्यांच्या समोर जाऊन बसली, ओठ दिसतील अशी.

"कधीपासून माहीत होतं सगळ्यांना?" मुकादमांनी विचारलं.

तिने एक बोट दाखवलं. "वर्ष."

"तुला?"

"मला आज कळलं."

"चुलत्याला आठ वर्षं कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "मला सोडतच नाहीत. यातलं बरं कुठलं म्हणावं?"

ती म्हणाली, "मी उद्या येणार नाही. मला नाही झेपत. आज सहा पोरं मेली असती आणि ती मीच मारली असती. थोरल्याला दोरी द्या, सुनेला द्या, कुणालाही द्या."

मुकादमांनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं. गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत गेले, आणि थोरल्याला काय ते सांगायला लागले. थोरला नुसता ऐकत होता.

सकाळी मुकादमीण उठलीच नाही. उजाडलं, ऊन अंगणात आलं, तरी चादर ओढून पडून राहिली. मुकादम पहार घेऊन निघून गेले होते. थोरला दारात दोनदा येऊन गेला.

मग अंगणात चपला वाजल्या. पाच-सहा बायका आत आल्या. खाली उतरणाऱ्या पोरांच्या आया, बायका. एकीच्या कडेवर तान्हं होतं. बुटक्याची बायको सगळ्यांत पुढे, ती नवऱ्यापेक्षा वरचढ तोंडाची. तिने खाटेशी येऊन चादर बाजूला केली.

"काकू, चला. पोरं काठावर उभी आहेत, खाली उतरत नाहीत."

"थोरल्याच्या हातात दोरी द्यायला सांगितलंय मी."

"थोरला म्हणतो, माझा भरवसा मलाच नाही. पंप बंद करून ठेवलाय, साहेब घड्याळ बघतोय."

"तुम्ही धरा. तुम्हाला काय कान नाहीत?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तान्हं कडेवर घेतलेली पुढे आली. वयाने पोर होती, वीस-बावीसची. "आमचे हे म्हणतात," ती म्हणाली, "काकू असल्या तर उतरतो, नाहीतर नाही. मी काय करू सांगा."

"माझं डोकं दुखतंय गं," मुकादमीण म्हणाली. ती आता रडत होती. "ठणकतंय. खरंच ठणकतंय. मला राहू द्या आजचा दिवस."

बुटक्याची बायको खाटेवर बसली. तिने मुकादमिणीचं डोकं मांडीवर घेतलं, कनपट्या दाबून दिल्या, फडक्याने डोळे पुसले. किती प्रेमाने करत होती. मग खाली वाकून तिने अगदी हळू, मागच्या बायकांनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "काकू, मी बोलते ते येतंय ना ऐकू?"

"येतंय," मुकादमीण म्हणाली.

"मग उठा."

एकीने तिच्या चपला समोर आणून ठेवल्या.